बिघडलेली ट्यून दुरुस्त करताना: ईसीयूला कुठे खोटं सांगितलंय ते आधी शोधा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअरबॉक्स. वर्षभरापूर्वी रीमॅप (ट्यून) केली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, ईसीयूतले, आकडे बदलून ताकद वाढवली. इंजेक्टर आणि टर्बो कंपनीचेच. सुरुवातीला पिकअप जोरदार होता. आता अर्ध्या पेडलवर २००० ते ३००० आरपीएमच्या मध्ये गाडी झटके देते. सकाळी थंड इंजिनावर आयडल (पेडल न दाबता इंजिनाचा वेग) वर-खाली होतो, चढावर बारीक टिकटिक येते, मायलेज पडलंय, अधूनमधून चेक लाइट लागतो. ज्याने ट्यून केली तो सांगतो की इंजिनला सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्याकडून पुन्हा रीमॅप करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता नको. बिघडलेल्या फाइलवर (ईसीयूत भरलेल्या आकड्यांच्या संचावर) दुसरी फाइल चढवली की आधीचा दोष झाकला जातो आणि शोधणं दुप्पट अवघड होतं. आणि सवयीचं म्हणाल तर ईसीयू शिकतो हे खरं, पण ते शिकणं काही प्रवासांत पुरं होतं. वर्षभर झटके देणारी गाडी शिकत नसते, सहन करत असते.

सगळ्यात आधी ती टिकटिक. डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज असेल आणि तो फक्त लोडवर येत असेल, तर ते नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप दणक्याने पेटणं, असं धरून चाला. तपासणी होईपर्यंत वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पेडल दाबू नका. चढावर गिअर खाली घ्या आणि तुमच्या इंजिनला चालणारं जास्तीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. लहान टर्बो थेट-इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) दिला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. हा प्रकार साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी वाईट. एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते, आणि नॉक सेन्सरला जाणवेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. इंजिन ऑइलच्या एपीआय एसपी या २०२० पासूनच्या दर्जात या प्रकारापासून संरक्षणाची चाचणी आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात तो दर्जा चालत असेल तर तेच ऑइल वापरा.

आता मूळ मुद्दा. आजचा ईसीयू पेडल दाबलं तेवढा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) सरळ उघडत नाही. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तो त्याचा अर्थ ‘इतका टॉर्क (फिरवणारा जोर) हवा’ असा लावतो. मग तेवढ्या टॉर्कला किती हवा लागेल, त्यासाठी थ्रॉटल किती उघडायचा, बूस्ट किती मागायचा, टायमिंग (ठिणगी कधी पाडायची) किती ठेवायचं, इंधन किती सोडायचं, हे सगळं तो एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांतून काढतो. वाईट ट्यून बहुतेक वेळा या साखळीत कुठेतरी खोटं बोलून केलेली असते. टॉर्कच्या मर्यादा एकेक करून समजून वाढवायला वेळ लागतो. म्हणून काही जण हवेवरून टॉर्क काढणारा तक्ताच खाली ओढतात. इंजिन ३०० न्यूटन-मीटर देत असतं आणि ईसीयू हिशोबात २४० धरतो. त्याला वाटतं अजून मर्यादेत आहोत, तो आणखी हवा देतो. गाडी पळते, मालक खूश होतो.

हे खोटं इंजिनपुरतं राहत नाही. माझ्याकडे एक ऑटोमॅटिक गाडी आली होती. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना आरपीएम चढायचे, गाडी क्षणभर मोकळी पडायची आणि मग झटक्याने पकडायची. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून झालं होतं, पुढे गिअरबॉक्सच उघडायला सांगितलं होतं. मी लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) काढला. ईसीयू गिअरबॉक्सला कळवत असलेला टॉर्क आणि हवेच्या मोजमापावरून निघणारा टॉर्क यांत मोठी तफावत होती. गिअरबॉक्स बिचारा कळवलेल्या टॉर्कपुरताच दाब क्लचला देत होता. टॉर्कचा तक्ता मूळचा ठेवून मर्यादा नीट वाढवल्या, क्लचची शिकवणी पुन्हा करून घेतली आणि घसरणं थांबलं. प्लेट मात्र तोवर झिजल्या होत्या, ऑइल काळं आलं होतं. ते दुखणं फाइलने भरून येत नाही. तुमच्याकडे मॅन्युअल आहे म्हणून हे लगेच दिसणार नाही, पण ट्रॅक्शन कंट्रोलही याच आकड्यावर चालतो हे लक्षात असू द्या.

तपासाची सुरुवात मात्र बदललेली फाइल उकलण्यापासून करू नका. आधी मूळ, कंपनीची फाइल परत चढवा. ट्यून करणाऱ्याने पहिल्यांदा काढलेली प्रत मागा, ती तुमचा हक्क आहे. ती नसेल तर ईसीयूचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर क्रमांक स्कॅनरने वाचून नेमक्या त्याच क्रमांकाची फाइल लागते. ‘मॉडेल तेच आहे, चालेल’ असं कोणी म्हटलं तर गाडी तिथून घेऊन निघा. फाइल चढवताना बॅटरीला स्थिर पुरवठा जोडलेला हवा, व्होल्टेज १३ च्या खाली जाता कामा नये. मध्येच वीज गेली तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. त्यानंतर जुनी शिकवणी पुसायची आणि थंड-गरम असे दोन-तीन प्रवास करायचे.

मूळ फाइलवरही दोष राहिला तर तो ट्यूनचा नाही, निदान थेट नाही. तुमच्या बाबतीत मला दोन वेगळी दुखणी दिसतात: आयडलचं आणि झटक्यांचं. झटक्यांकडे पुढे येतो, आधी आयडल. साध्या रीमॅपमध्ये आयडलच्या तक्त्यांना हात लावायचं कारणच नसतं. इंजेक्टर बदललेले नसताना आयडल हलत असेल, तर बहुधा इंजिन कुठूनतरी फुकटची हवा घेतंय. वाढलेल्या बूस्टने एखादा पाइप क्लॅम्पमधून सरकतो किंवा क्रँककेसच्या वाफा ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. ऑइल भरायचं झाकण आयडलवर उघडून पाहा. आत जोराची ओढ असेल, झाकण उचलायला जड जात असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पडदा गेलाय असं समजून पुढे जा. नंतर इनटेकमध्ये धूर सोडून गळती पाहा. स्प्रे मारून शोधण्यापेक्षा हे खात्रीचं आणि गरम इंजिनाजवळ सुरक्षित.

इथे एक बारकावा आहे. तुमच्या गाडीत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, की मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब पाहणारा मॅप सेन्सर, हे आधी पाहा. हा मॅप म्हणजे रीमॅपमधला मॅप नव्हे, नावातलं साम्य एवढंच. मॅफवाल्या गाडीत सेन्सरनंतर, इंजिनकडच्या बाजूने शिरलेली हवा मोजली जात नाही, म्हणून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. दाबावर चालणाऱ्या गाडीत तीच हवा हिशोबात धरली जाते, त्यामुळे मिश्रण ठीक राहून फक्त आयडल चढतो. हे न पाहता ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती; अधिक म्हणजे जास्त इंधन) वाचले तर चुकीच्या ठिकाणी खोदत बसाल.

प्लग काढाच. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकते बारीक कण दिसले तर ते नॉकिंगचे ठसे आहेत. चमकणारे कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. ते दिसल्यावर पुढची कुठलीही चाचणी करण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळवतो) तपासा आणि बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घाला. प्लगचा गॅपही मोजा. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ०.८ मिलिमीटरचा गॅप मूळ फाइलवर चालतो, रीमॅपनंतर लोडवर मिसिंग (ठिणगी चुकून मिश्रण न जळणं) देऊ शकतो, ०.६ ते ०.७ ठेवला की तेच झटके गायब झालेले मी पुष्कळदा पाहिलेत. थेट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, म्हणून तिथे कार्बन साचतो. थंड आयडल बिघडण्याचं तेही एक कारण.

एवढं झालं की लॉग. इथे घाई करणारे फार चुकतात. गाडीच्या तपासणी-सॉकेटला लागणाऱ्या साध्या ओबीडी उपकरणावर वीस गोष्टी एकदम टिपायला घेतल्या तर प्रत्येकीचा आकडा सेकंद-दोन सेकंदांनी एकदा येतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून घेतलेली २००० ते ६००० आरपीएमची ओढ काही सेकंदांत संपते, आणि नॉक तर त्यातल्या एका क्षणात येऊन जातो. म्हणून एका फेरीत पाच-सहाच चॅनेल घ्या. पहिल्या फेरीत आरपीएम, लोड, टायमिंग आणि प्रत्येक सिलिंडरची नॉक माघार (नॉकमुळे टायमिंग किती अंश मागे घेतलं). दुसऱ्या फेरीत बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, वेस्टगेटची (बूस्ट आवरणाऱ्या झडपेची) ड्यूटी, म्हणजे तिच्यावरच्या नियंत्रणाची टक्केवारी, आत जाणाऱ्या हवेचं तापमान. तिसरीत लॅम्डा (आदर्शाच्या तुलनेत हवा-पेट्रोलचं प्रमाण) मागितलेला आणि मोजलेला, रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब, ट्रिम. ही ओढ डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर घ्यायची, वाहत्या रस्त्यावर कधीच नाही.

ट्रिमपासून सुरू करा. छोट्या आणि लांब मुदतीच्या ट्रिमची बेरीज ५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन निरोगी, १० च्या पुढे गेली की कारण शोधायचं. पण आकड्यापेक्षा त्याचा आकार बोलतो. आयडलवर अधिक १५ आणि २५०० आरपीएमवर अधिक ३ असेल तर हवेची गळती, कारण गळती तेवढीच राहते आणि एकूण हवेत तिचा वाटा कमी होत जातो. आयडलवर ठीक आणि लोडबरोबर वाढत जाणारा अधिक ट्रिम म्हणजे इंधन कमी पडतंय किंवा मॅफ घाण झालाय. सगळीकडे सारखाच एका बाजूला झुकलेला ट्रिम दिसला तर सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या आकड्यांत चूक आहे. इंजेक्टर बदललेल्या गाडीत तर इंजेक्टर उघडायला लागणारा मृत वेळ प्रत्येक व्होल्टेजला नव्याने भरावा लागतो. तो जुनाच ठेवला की आयडल कधीच बसत नाही, कारण तिथे इंजेक्टर इतका कमी वेळ उघडतो की त्यातला बराच हिस्सा मृत वेळेचाच असतो.

मिश्रण लॅम्डामध्येच वाचा, १४.७ सारख्या हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात नाही. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असलं तरी आदर्श गुणोत्तर १४.१ च्या आसपास येतं. लॅम्डा १ हा कुठल्याही इंधनाला १ च असतो. लॅम्डा मोजायला वाइडबँड सेन्सर वापरत असाल तर तो सायलेन्सरच्या टोकाला खुपसू नका. तिथे बाहेरची हवा मिसळते. आणि मिसिंग होत असताना न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, म्हणून सेन्सर लीन दाखवतो. ते पाहून इंधन वाढवणारे लोक भेटतात. प्लग आणखी भिजतात आणि मिसिंग वाढतं.

नॉकचा लॉग कसा वाचायचा ते एका गाडीवर दाखवतो, कारण तुमची लक्षणं तिच्याशी जुळतात. ३४०० आरपीएम, पूर्ण लोड, हवा ५८ अंश सेल्सिअस. फाइल १२ अंश टायमिंग मागत होती. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलिंडरची माघार ४ ते ४.५ अंश, तिसऱ्याची ७.५. यात दोन गोष्टी आहेत. चारही सिलिंडर मागे जातात तेव्हा फाइलच जास्त मागतेय. एकटा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप मागे जातो तेव्हा त्याचं स्वतःचं काहीतरी आहे: प्लग, इंजेक्टरचा फवारा, कार्बन, थंडावा. त्या गाडीत तिसऱ्याचा इंजेक्टर कमी इंधन देत होता. कुणी नुसतं टायमिंग कमी केलं असतं तर आवाज गेला असता आणि तो सिलिंडर लीन चालत राहिला असता. शेवटी पिस्टन गेला असता.

आणि मायलेज का पडलं तेही याच लॉगमध्ये होतं. टायमिंग मागे गेलं की जळण उशिरा होतं, उष्णता पिस्टनऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. ईसीयूला टर्बो आणि कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) तापताना दिसतात, ते वाचवायला तो जास्त पेट्रोल ओततो. म्हणजे ज्या इंजिनात टायमिंग हावरेपणाने पुढे ढकललंय, ते प्रत्यक्षात मूळ फाइलपेक्षाही मागच्या टायमिंगवर चालतं आणि वर जास्त पितं.

बूस्टच्या लॉगमध्ये एकच पाहा. मागितलेला बूस्ट मिळतोय, पण त्यासाठी वेस्टगेटची ड्यूटी ९० टक्क्यांच्या वर जातेय का? जात असेल तर टर्बोत शिल्लक उरलेली नाही किंवा कुठेतरी गळती आहे. रेलचा दाब २०० बार मागून १६० मिळत असेल तर बहुधा हाय-प्रेशर पंप दमलाय. तिथे फाइलमध्ये काहीही लिहा, इंधन येणार नाही.

आता फाइल. मूळ आणि बदललेली फाइल शेजारी ठेवून फरक काढला की हात कुणाचा आहे ते कळतं. तक्त्यातला अख्खा चौकोन सरसकट ८ किंवा १० टक्क्यांनी वर उचललेला दिसेल आणि त्याच्या कडेला सरळ कडा तुटलेला. तुमच्या झटक्यांचं कारण मला इथेच वाटतं. २००० आरपीएमचा रकाना मूळचा आणि २२५० चा एकदम वर असेल, तर अर्ध्या पेडलवर गाडी त्या दोन रकान्यांमध्ये ये-जा करते आणि दरवेळी टॉर्कची मागणी उडी मारते. पूर्ण पेडलवर ते जाणवत नाही, म्हणून डायनोच्या आलेखात दिसत नाही. दुसरी खूण मर्यादांची. विचार करून ठरवलेल्या आकड्याच्या जागी ६५५३५ लिहिलेलं असतं. सोळा बिटांत बसणारा हा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे ती मर्यादाच काढून टाकली. तिसरी खूण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते: नॉक सेन्सरची संवेदना कमी केलेली, एक्झॉस्टच्या तापमानाचं संरक्षण बंद, फॉल्ट कोड बंद. असं इंजिन मदतीसाठी ओरडतं आणि आपण त्याचं तोंड दाबून ठेवलेलं असतं. तुमचा चेक लाइट अजून लागतोय ही तुमच्या गाडीची चांगली बाजू आहे. तो कोड फ्रीझ-फ्रेमसह (लाइट लागला त्या क्षणी ईसीयूने साठवलेल्या आकड्यांसह) लिहून घ्या, मगच पुसा.

पेडल सोडल्यावर फटाके वाजवणारा बदल असेल तर तो आधी काढायला सांगा. उशिराच्या टायमिंगवर पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळून तो आवाज येतो आणि कॅटॅलिस्ट त्यात वितळू शकतो. कॅटॅलिस्ट किंवा एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर काढून सॉफ्टवेअरने झाकण्याचं काम मी करत नाही. ते बेकायदेशीर आहे आणि त्या धुरात श्वास आपणच घेतो.

दुरुस्ती नेहमी मूळ फाइलवरून नव्याने करायची, बिघडलेली फाइल घासून गुळगुळीत करायची नाही. आधी सेन्सर आणि टॉर्कचे तक्ते खरे आहेत याची खात्री. मग इंधन: पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोलला लॅम्डा साधारण ०.८० ते ०.८५ मध्ये. मग टायमिंग, मूळच्यापेक्षा थोडं मागूनच सुरू करून एकेक अंशाने पुढे, आणि जिथे माघार दिसायला लागते तिथून दोन अंश परत. बूस्ट सगळ्यात शेवटी. तोही २००० आरपीएमच्या खाली फुगवायचा नाही; तो टॉर्क गोड वाटतो, पण ठिणगीआधीच्या पेटण्याचा धोका तिथेच आहे. एक ओढ चांगली गेली म्हणून थांबू नका. पाठोपाठ तीन वेळा ओढ घ्या, इंटरकूलर तापू द्या आणि तिसरीचा लॉग खरा माना. मग अर्ध्या पेडलवर, पाव पेडलवर, वेगवेगळ्या गिअरमध्ये सावकाश चालवून पाहा, कारण आयुष्यभर गाडी तशीच चालणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करून पाहिल्याशिवाय काम झालं म्हणू नये.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे नॉकच्या जागी धूर, एक्झॉस्टचं तापमान आणि रेलचा दाब पाहायचा. धूर रोखणारी मर्यादा काढून आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून ताकद काढली असेल, तर जळण लांबतं, पिस्टनचा वरचा भाग तापतो, फिल्टर लवकर भरतो. फिल्टर वारंवार स्वच्छतेच्या फेऱ्या करत असेल तर फाइल आधी संशयात घ्या.

नवीन ट्यूनरकडे गेलात तर डायनोचा आलेख शेवटी मागा. आधी विचारा की कोणते तक्ते बदलणार, का, आणि आधीचा-नंतरचा लॉग देणार का. ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट बोलायला लागतो.

तुम्ही मात्र उद्या एवढंच करा. इंजिन थंड असताना सुरू करण्याआधी स्कॅनर जोडा आणि पहिली पाच मिनिटं आयडलवर आरपीएम, ट्रिम आणि मॅनिफोल्डचा दाब टिपा. इंजिन गरम झाल्यावर तेच पुन्हा टिपा. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढा, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते टेपवर लिहून चिकटवा आणि पुसू नका. चारही एका ओळीत ठेवून उजेडात जवळून फोटो काढा. त्या चार प्लगांवर काय आहे ते दिसलं की पुढचं पाऊल फाइलकडे टाकायचं की इंजिनकडे, हे ठरवता येईल.